पाणी तयार होईपर्यंत

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मासे आले ते संस्थेच्या अध्यक्षांच्या हौसेपायी. पुण्याला कुणा डॉक्टरच्या दवाखान्यात त्यांनी काचेची मोठी टाकी पाहिली होती. आत हिरवंगार रान आणि त्यातून हिंडणारे मासे. आष्टीला परत आले आणि थोड्याच दिवसांत तसलीच टाकी प्राचार्यांच्या केबिनबाहेर येऊन बसली. शिपायानं ती बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरली. दुपारी मासे येणार होते. तेवढ्यात प्राणिशास्त्राच्या वाघमारे मॅडम तास संपवून आल्या, टाकीसमोर थांबल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "हे पाणी काढ अन् लिंबाला घाल."

अध्यक्ष तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, काय बिघडलं. मॅडम म्हणाल्या, "काही बिघडलं न्हाई. टाकी छान हाय. मासे मी सांगंन तवा आणा."

अध्यक्षांना नकार ऐकायची सवय नव्हती. पण मॅडमचा नकार इतक्या साध्या आवाजात येई की तो नकार आहे हे समोरच्याला कळेपर्यंत त्या पुढच्या कामाला लागलेल्या असत. अध्यक्ष बरं म्हणून निघून गेले आणि टाकी मॅडमच्या ताब्यात आली.

मी गणिताचा. त्यांच्यापेक्षा बराच लहान, आणि राहायला त्यांच्याच गल्लीत. त्यामुळं त्यांना पाहायला मिळालं ते दोन्हीकडून. बुटक्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला. चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला मधूनमधून पळावं लागे. वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या की पुस्तकातली स्वच्छ भाषा आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की माहेरची. दोन्ही भाषांत शब्द मोजकेच. स्टाफरूममध्ये पगारवाढ, राजकारण, कुणाची बदली असले विषय रंगले की त्या खिडकीजवळ बसून शेंगदाणे खात. मत विचारलं तर सांगत, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यांच्या विरुद्ध असे. मग कुणी वाद घालायला गेलं तर म्हणत, "तुमी विचारलं म्हणून सांगितलं," आणि पुन्हा शेंगदाणे.

टाकीत त्यांनी तळाला चाळलेली माती घातली, वर धुतलेली वाळू. तलावाकडं जाऊन रिबिनीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती आणली आणि एकेक रोप चिमट्यानं रोवलं. दगडांना दोऱ्यानं नेचे बांधले. वर दिवा लावला, पाणी गाळणारं यंत्र बसवलं, आणि मासे आणलेच नाहीत.

पुढं कितीतरी दिवस त्या टाकीत फक्त झाडं होती. येणारे-जाणारे वाकून बघत, मासे शोधत आणि हसत. इंग्रजीचे सर रोज विचारायचे, "मॅडम, शेपूची जुडी कधी निघणार?" मॅडम म्हणायच्या, "निघाली की घरी पाठवीन." एकदा मी खरंच विचारलं की एवढा वेळ का. तेव्हा त्यांनी समजावलं. माशाची घाण पाण्यातच राहते आणि तीच त्याला विष होते. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव वाळूत, गाळणीत आपोआप वाढतात, पण त्यांना वेळ लागतो. झाडांनाही मूळ धरायला वेळ लागतो. त्याआधी मासे सोडले तर चार दिवस छान दिसतात, मग एकेक वर तरंगतो. "लोक म्हणतात मासा नाजूक व्हता. मासा न्हाई, पाणी कच्चं व्हतं."

पाणी तयार झाल्यावर प्रश्न आला कोणते मासे आणायचे. स्टाफरूममध्ये प्रत्येकाची फर्माईश वेगळी. कुणाला निळे चमकणारे हवे होते, कुणाला टीव्हीत दिसतात तसे पट्ट्यापट्ट्यांचे. मॅडमनी सगळ्यांना चहाचं पातेलं दाखवलं. आतून पांढरा थर बसलेला. आपलं पाणी असं जड, क्षाराचं. निळे चमकणारे मासे जंगलातल्या मऊ, तांबूस पाण्यातले. इथं आणले तर जगतील थोडे दिवस, पण कुढत. आपल्या पाण्यात मॉली, प्लॅटी, गप्पी मजेत राहतात. तेव्हा निवड आपण करायचीच नाही, पातेल्यानं ती केलेलीच आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि एकटादुकटा मासा आणायचा नाही. घोळक्यात राहणारा मासा एकटा ठेवला तर तो झाडामागं दडून बसतो. "नव्या गावाला बदली झालेल्या माणसासारखा," त्या म्हणाल्या, आणि आमच्यात बदलीची धास्ती असलेले दोघं-तिघं चहाच्या कपात बघू लागले.

त्यातच अध्यक्षांचे मेहुणे एक दिवस पिशवीभर सोनेरी गोल्डफिश घेऊन हजर झाले. मोठे, जाड, झुपकेदार शेपट्यांचे. प्राचार्यांनी घाबरून मॅडमना बोलावलं. आता काय होणार म्हणून आम्हीही दारात जमलो. मॅडमनी पिशवी उजेडात धरून बघितली आणि तोंडभर हसल्या. म्हणाल्या, मासे अगदी निरोगी आहेत, चांगले पारखून आणलेत. मेहुणे खूश. मग मॅडमनी शांतपणे सांगितलं की हे मासे उकरून उकरून सगळी झाडं उपटतील, कोवळी पानं खातील, आणि यांना जागाही मोठी लागते. माझ्या अंगणात सिमेंटचा हौद आहे, तिथं हे दहा वर्षं जगतील. तुम्हाला वाटेल तेव्हा बघायला या. मेहुणे स्वतः पिशवी धरून त्यांच्या घरी गेले, हौदात मासे सोडले, चहा पिऊन आले. पुढं ते अधूनमधून नातवंडांना घेऊन त्या हौदावर येत. मॅडमनी कुणाचं मन राखायला नियम मोडल्याचं मला आठवत नाही, पण त्यांच्या नियमानं कुणाचा अपमान झाल्याचंही आठवत नाही.

त्यांचे यजमान वाघमारे गुरुजी म्हणजे याच्या अगदी उलट. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि पंचक्रोशीत प्रसिद्ध ते सूत्रसंचालक म्हणून. भीमजयंती असो, लग्न असो, कुणाचा निरोप समारंभ असो, माईक गुरुजींच्या हातात. भाषा शुद्ध, घोळवून बोलणारी, मध्येच चारोळी, मध्येच एखादा चिमटा. मॅडम पहिल्या रांगेत बसून ऐकत आणि घरी जाताना म्हणत, "गुरुजी, दोन पानं जास्त झाली." घरातही त्या त्यांना गुरुजीच म्हणायच्या.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली होती तेव्हा गुरुजींना झटका आला. शाळेतच. नगरला नेलं, जीव वाचला. पण उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं समजत होतं, तोंडातून शब्द मात्र येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, व्यायाम करा, बोलायला लावा, पहिले काही महिने महत्त्वाचे. गुरुजींनी काहीच करायचं नाकारलं. माणसं भेटायला येत. ज्या माणसानं गावाला आयुष्यभर ऐकवलं त्याच्यासमोर बसून गाव मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचं. गुरुजी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातला एक पोरगा येई, तो हात उचलून खाली ठेवी आणि जाई. जेवणसुद्धा भिंतीकडं बघतच.

मुलगी पुण्याहून आली होती. तिनं पलंग फिरवला, म्हणजे तोंड दाराकडं होईल. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. नातेवाइकांनी समजावलं, रागावले, रडले. मॅडमनी यातलं काही केलं नाही. त्यांनी पलंग परत होता तसा केला. मग एक रविवार निवडून भिंतीला लागून लोखंडी स्टँड ठेवला आणि त्यावर काचेची टाकी. गुरुजी ज्या भिंतीकडं बघत होते, बरोबर तिथं.

माती, वाळू, झाडं, दिवा. पाणी. आणि मासे नाहीत.

मी दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकावत असे. गुरुजी त्या हिरव्या रिकाम्या पाण्याकडं बघत पडलेले. पानं यंत्राच्या झुळकीनं हलायची, तेवढंच. झाडाबरोबर आलेली एखादी गोगलगाय काचेवरून चढायची. पहिल्यांदा ते बघतात की नुसतेच डोळे उघडे आहेत हे कळायचं नाही. मग एक दिवस मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "काल गुरुजी चिडले." आम्हाला वाटलं तब्येत बिघडली. तर तसं नव्हतं. गुरुजींनी डाव्या हातानं काचेवर टकटक केलं होतं आणि मॅडमकडं बघून भुवया उडवल्या होत्या. मासे कुठायत म्हणून. झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलंच.

मग घरात सगळ्यांनीच मॅडमच्या मागं लकडा लावला. मुलगी म्हणाली, आई, निदान दोन तरी सोड. मीही म्हणालो की मॅडम, यावेळी थोडी सवलत द्या, माणूस आज मागतोय, उद्या मागेल की नाही कोण जाणे. त्या माझ्याकडं वळल्या.

"सर, आज सोडले अन् परवा सकाळी त्यांच्या डोळ्यासमोर मेलेला मासा तरंगला तर?"

मी टाकीतल्या रिकाम्या पाण्याकडं बघितलं.

"आता त्यांनी रोज चिडावं," त्या म्हणाल्या. "मला चालंल."

आणि गुरुजी रोज चिडू लागले. काच वाजवायचे, हात झटकायचे, एकदा पाण्याचा पेलाही ढकलून दिला. मॅडम दर वेळी पलंगाजवळ बसून सांगायच्या की अजून पाणी तयार नाही, आज तपासलं, मातीतून उतरलेलं विष अजून आहे. पूर्ण वाक्यात, वर्गात सांगतात तसं. आवाज मोठा करून एकदाही नाही. गुरुजी ऐकून घ्यायचे आणि तोंड फिरवायचे, पण तोंड फिरवायला आता दुसरी बाजूच राहिली होती, आणि त्या बाजूला घर होतं, माणसं होती, दार होतं.

एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "उद्या तुमची गाडी रिकामी हाय का? नगरला जायचंय. गुरुजी मासे निवडायला येत्यात."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. घराबाहेर पडलेच नव्हते ते. पण सकाळी गेलो तर दाढी करून, पांढरा सदरा घालून पलंगाच्या काठावर बसलेले. दोघांनी धरून गाडीत बसवलं. कडा गाव गेलं, नगर आलं. मॅडम मागं बसून शेंगदाणे सोलून त्यांच्या डाव्या हातात देत होत्या.

दुकान गजबजलेलं. भिंतभर काचेच्या टाक्या. मॅडमनी गुरुजींना स्टुलावर बसवलं आणि स्वतः बराच वेळ नुसत्या फिरल्या. दुकानदाराला प्रत्येक टाकीत थोडं खाणं टाकायला लावलं. जो मासा खायला धावत नाही, जो पंख अंगाशी मिटून घेतो, जो कोपऱ्यात पाण्याच्या वर येऊन श्वास घेतो, तो सोडून द्यायचा. एक जरी तसा दिसला तरी ती पूर्ण टाकीच सोडून द्यायची. अंगावर पट्टे ओढलेले चपळ झेब्रा मासे मला आवडले. त्यांनी मान हलवली. ते आपल्या पाण्यात चालतात, पण पडून असलेल्या माणसाची नजर त्यांच्यामागं पळून दमते, असं म्हणाल्या. मासा हळू हवा. हिरव्यावर उठून दिसणारा हवा. आणि गुरुजींच्या हातून खाणं जास्त पडलं तरी सांभाळून घेणारा हवा. त्यांनी एवढा विचार केला आहे हे मला तेव्हा कळलं.

एवढ्यात गुरुजींनी स्टुलावरूनच हात वर केला. समोरच्या टाकीत एक मोठा काळा-केशरी मासा एकटाच होता. दुकानदार म्हणाला, हा ऑस्कर, माणूस ओळखतो. तो खरोखरच काचेला तोंड लावून गुरुजींकडं बघत होता. गुरुजी डावीकडं झुकले की तो डावीकडं. गुरुजींचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता. त्यांनी बोट दाखवलं. हाच.

मॅडम आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हा न्हाई."

गुरुजींनी पुन्हा बोट दाखवलं.

"न्हाई, गुरुजी."

मला वाटलं, आता तरी यांनी ऐकावं. दुकानदारही चुळबुळला. गुरुजींचा चेहरा लाल झाला. ओठ हलायला लागले, मान ताठ झाली, डावा हात मांडीवर आपटला. आणि घशातून काहीतरी ओढून काढावं तसा शब्द आला.

"का... कावून?"

दुकानात आमच्याशिवाय कुणाला काही कळलं नाही. माईकवर आयुष्यभर पुस्तकी मराठी बोललेल्या माणसाचा परत आलेला पहिला शब्द हा होता, 'का'साठी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेला. मी मॅडमकडं बघितलं. त्या रडतील, त्यांना मिठी मारतील, निदान म्हणतील की घ्या हो तो मासा.

मॅडमनी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. गुरुजींनी विचारलं होतं, तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. त्यांनी सविस्तर सांगितलं. हा मासा हातभर वाढतो, आपल्या टाकीत त्याला वळायलाही जागा पुरणार नाही, नुसता उभा राहील. झाडं उपटील. सोबत दुसरा मासा राहू देणार नाही, गिळून टाकील. मग त्याला एकटंच राहावं लागेल, दिवसभर काचेला तोंड लावून. सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. गुरुजी शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी ऑस्करकडं एकदा बघितलं आणि हात खाली घेतला.

"आता ह्या दोन टाक्यांतले," मॅडम म्हणाल्या, "कोणते ते तुमी सांगा. मी बोलणार न्हाई."

गुरुजींनी काळ्या मॉली निवडल्या आणि नारिंगी प्लॅटी. एकेक मासा बोट दाखवून. दुकानदारानं चुकून दुसरा धरला तर मान हलवून परत सोडायला लावला. तळाशी हिंडणारे मिशीवाले छोटे मासे मॅडमनी आपल्या बाजूनं घातले, सांडलेलं खाणं वेचायला.

परत येताना कड्याच्या अलीकडं मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली. पाण्याची बाटली घेऊन त्या रस्त्याकडेच्या लिंबाकडं गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. पुढच्या सीटवर गुरुजी मांडीवर माशांची पिशवी सांभाळत होते, त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मॅडम आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदराची कड भिजलेली. "चला," म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घरात माशांना खाणं घालायचं काम फक्त गुरुजींचं, आणि तेही उजव्या हातानं. मॅडम डबी उघडून समोर धरायच्या. बोटं जुळायची नाहीत. चिमूट धरेपर्यंत निम्मं चादरीवर. मुलीनं एकदा न राहवून स्वतः टाकलं तर मॅडमनी तिला बाहेर बोलावून समजावलं म्हणे. मासे काचेपाशी येऊन वाट बघत. "त्यांना भूक लागलीय, गुरुजी," एवढंच मॅडम म्हणायच्या आणि डबी धरून बसून राहायच्या. कधीकधी कॉलेजला उशीर व्हायचा. आयुष्यात कधी उशीर न केलेल्या बाई अर्धा तास उशिरा यायच्या आणि प्राचार्यांना सरळ सांगायच्या, मासे जेवत होते.

थंडी पडायच्या सुमारास एकदा गुरुजींनीच मला हाक मारली. रस्त्यावरून चाललो होतो, खिडकीतून आवाज आला, "स... सर." आत गेलो. ते काठी टेकून टाकीजवळ उभे होते. लांब पानांच्या दाटीत त्यांनी बोट दाखवलं. "पिल्लं." पटकन डोळ्यांना दिसणार नाहीत अशी बारीक, काळी, पानाआड दडलेली. झाडं नसती तर मोठ्या माशांनीच ती खाल्ली असती. मॅडम दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "सकाळपासून सगळ्या गल्लीला बोलावून झालं."

गुरुजींची वाचा पूर्ण कधीच आली नाही. लहान वाक्यं, मधे थांबे, शुद्ध भाषा तर गेलीच. आली ती सगळी घरची बोली. पण माणसं आली की ते आता दाराकडं तोंड करून बसत. कुणी मोठ्यानं बोललं तर हळू बोलायची खूण करत. हात चिमटीपुरता आला, पुढं सही करण्याइतका. निवृत्तीनंतर दोघं चौसाळ्याला त्यांच्या घरी राहायला गेले. जाताना मॅडमनी कॉलेजच्या टाकीची सगळी व्यवस्था इंग्रजीच्या सरांना शिकवली. शेपूची चेष्टा करणारे तेच सर आज तिथं कुणाला हात लावू देत नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, उसाच्या दिवसांत. बीडचं एक काम आटोपून तिथून बसनं पुढं चाललो होतो. चौसाळ्याला बस थांबली. खिडकीतून पाहतो तर रस्त्याच्या कडेला मॅडम आणि गुरुजी उभे. पलीकडं जायचं होतं. महामार्ग तो, गाड्या सुसाट. उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. मॅडम एक पाऊल रस्त्यावर उतरल्या आणि हात आडवा केला. ड्रायव्हरनं ब्रेक लावला, मागं गाड्यांची रांग लागली. गुरुजी काठी टेकत, थांबत, पाय ओढत निघाले. मॅडमनी त्यांचा हात धरला नाही, मागं वळूनही पाहिलं नाही. हात तसाच आडवा धरून त्या रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या, गुरुजी पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत. मग त्याही पलीकडं गेल्या आणि त्यांनी ड्रायव्हरकडं बघून मान हलवली, जा म्हणून.

आमची बस सुटली. मी खिडकीतून हाक मारली होती, पण ती त्यांना ऐकू गेली नसावी. पलीकडं पोचलेल्या गुरुजींना काहीतरी सांगायचं होतं आणि मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहून ऐकत होत्या.